सरकारी वकील व्हायचंय: आयोगाची परीक्षा की सत्र न्यायालयातली नेमणूक?

कागलचा_वकील
कागल कोर्टात साडेतीन वर्षं फौजदारी कामं बघतोय. सरकारी वकील व्हायचं पक्कं आहे, पण वाट कोणती धरायची? आणि रोजच्या कामात खरा कस कुठं लागतो? जाणकारांनी सांगावं.

बावडा_रोड
न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं काम चालवतो तो सहायक सरकारी अभियोक्ता. लोकसेवा आयोगातून निवड, गृह विभागाच्या अभियोग संचालनालयाखाली पगारी नोकरी, बदल्या आल्या, खासगी वकिली बंद. त्याला पाच वर्षांची वकिली लागते, म्हणजे तुमची दीड वर्षं बाकी आहेत.

सत्र न्यायालयातले जिल्हा आणि अतिरिक्त सरकारी वकील मुदतीवर नेमले जातात. नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १८ प्रमाणे वकिलीची किमान सात वर्षं हवीत, विशेष सरकारी वकिलाला दहा. मुदत संपली की परत आपलं टेबल, आपले पक्षकार. घर पगारावर चालवायचं असेल तर आयोगच बरा.

मुद्देमाल_पावती
कस कागदात लागतो, भाषणात नव्हे. ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, आणि कागद तपासायला येतात ५८व्या दिवशी! तेव्हा आधी तीन गोष्टी बघा. पंचनाम्याची वेळ आणि स्टेशन डायरीतली वेळ जुळते का? मुद्देमालाचं सील नमुना घेतल्यापासून प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कुणाच्या ताब्यात होतं? तिसरं, व्हिडिओ असेल तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४)चं प्रमाणपत्र. त्याचे दोन भाग असतात: अ उपकरण सांभाळणाऱ्याचा, ब तज्ज्ञाचा. दोन्हींत हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलचा डिजिटल ठसा, लागते. व्हॉट्सॲपवरून आलेला व्हिडिओ कॉम्प्रेस होतो, हॅश बदलते आणि पुरावा अडकतो. म्हणून मूळ फाईलच मागा.

रंकाळा_सरतपास
साक्षीदार फितूर झाला की नवखे गडबडतात. साक्ष अधिनियमाच्या कलम १५७ खाली आपल्याच साक्षीदाराला उलट प्रश्न विचारायची कोर्टाची परवानगी घ्या आणि त्याच्या पोलीस जबाबातलं नेमकं वाक्य त्याला दाखवा. "असं सांगितलं नाही" म्हणाला तर तेवढ्याच भागावर 'अ' अशी खूण करून घ्या. इथवर बहुतेकांना जमतं. पुढं तपासी अंमलदार साक्षीला आला की "हा भाग अ साक्षीदारानं सांगितला तसाच लिहिलाय का?" हा प्रश्न विचारायचा राहतो. मग ती खूण कागदावरच राहते, विसंगती शाबीत होत नाही. अंमलदाराच्या सरतपासाच्या (आपण स्वतः घेतो त्या पहिल्या तपासणीच्या) टिपणात खूण केलेले सगळे भाग सगळ्यात वर लिहून ठेवा.

आणि फितूर म्हणून त्याची सगळी साक्ष बाद होत नाही. जेवढं इतर पुराव्याशी जुळतं तेवढं युक्तिवादात घ्याच.

कागलचा_वकील
आभार. नोकरीत गेल्यावर पुढं जिल्हा न्यायाधीशपदाची दारं बंद होतात का?

बावडा_रोड
नाही दादा. सरकारी अभियोक्ता कोर्टात वकील म्हणूनच उभा असतो, त्यामुळं राज्यघटनेच्या अनुच्छेद २३३ प्रमाणे त्या पदाला लागणारी वकिलीची सात वर्षं मोजताना तो काळ धरला जातो. सर्वोच्च न्यायालयाचा २०१३चा निकाल आहे.

तोवर एक करा. १८ ऑगस्ट २०२५पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आहे, सहा जिल्ह्यांची अपिलं तिथं चालतात. फौजदारी अपिलाच्या सुनावणीला मागच्या बाकावर बसा. वर सांगितलेल्या 'भाग अ'चं पुढं काय होतं, ते तिथं दिसेल.