शंभर चौरस फुटांना ‘एक टन पुरे’ म्हणणाऱ्यांसाठी

गच्चीखालचा: पुण्यात वरच्या मजल्यावर, दहा बाय दहाच्या खोलीत लेट्यूस आणि बेझिल लावणाऱ्या एकीने पोर्टेबल एसी किती टनाचा घेऊ, असं विचारलं होतं. तिला उत्तर मिळालं, ‘बेडरूमला एक टन पुरतो, मग झाडांना का नाही?’ अहो, बेडरूममध्ये माणूस दिवे मालवून झोपतो! इथे ८०० वॉटचे एलईडी रोज सोळा तास चालणार. ते सगळे वॉट शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहतात, म्हणजे तासाला सुमारे २,७०० बीटीयू (उष्णतेचं माप). वरून स्लॅब तापलेला. झाडांनी दिवसात दहा लिटर पाणी हवेत सोडलं, तर त्याचं परत पाणी करायला एसीला सुमारे सात युनिटांइतकी उष्णता ओढावी लागते. त्यात एका पाइपचा पोर्टेबल खोलीतलीच गार हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच एप्रिलची झळ फटींतून आत येते. खोक्यावर एक टनाचे म्हणून छापलेले १२,००० बीटीयू खोलीला कधीच मिळत नाहीत. दीड टनाचा स्प्लिट लावा.

भाडेकरू_कोथरूड: स्प्लिट लावा म्हणणं सोपं आहे. माझे घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नाहीत, भोक कुठलं पाडू देणार? माझं लेट्यूस एक टनाच्या पोर्टेबलवर उन्हाळा काढतं, कारण मी दिवे रात्री लावते. तुमच्या हिशेबात रात्र कुठे आहे?

धिंगरी_नाशिक: एक पाइप वाईटच असं नाही. धिंगरी अळिंबीच्या खोलीत कार्बन डायऑक्साइड साठला की देठ लांबतात, टोप्या बारीक राहतात. मला हवा बदलायलाच हवी असते.

गच्चीखालचा: आणि मे महिन्यात आत येणाऱ्या कोरड्या हवेत ८५ टक्के आर्द्रता कशी टिकवता?

धिंगरी_नाशिक: फॉगर आहे. पण मूळ दोष घरात केशर पिकवायला शिकवणाऱ्या क्लासवाल्यांचा. माझ्या मेहुण्याला ‘एका खोलीत केशर, लाखोंची कमाई’ म्हणून पोर्टेबल एसी घ्यायला लावला. फुलं यायच्या वेळी केशराला १५ ते १७ अंश लागतात आणि बहुतेक पोर्टेबल १६च्या खाली सेटच होत नाहीत!

केशर_घरचं: सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. मी चिलरवर केशर घेतो, फुलं येतात.

धिंगरी_नाशिक: येणारच, कंदातच अन्न साठलेलं असतं. एक किलो केशराला दीड लाखाच्या आसपास फुलं लागतात. तुमच्या खोलीत किती ग्रॅम निघालं? आणि फुलांनंतर कंद वाढवायला माती, उजेड लागतो, हे फी घेताना कुणी सांगितलं?

केशर_घरचं: तुमच्या मेहुण्याने चौकशी केली नाही, त्याचा राग माझ्यावर का? कंद मी मातीत लावतो. नफा अजून नाही, हे मान्य. पण फसवणूक म्हणू नका.

भाडेकरू_कोथरूड: धागा एसीचा आहे! रात्रीचं उत्तर मिळालेलं नाही.

गच्चीखालचा: रात्रीचा मुद्दा मान्य, नाइलाजाने. पण संध्याकाळी स्लॅब आग ओकत असतो, म्हणून दिवे रात्री नऊला लावा, दुपारी एकला बंद करा. स्लॅबचा भार हलका होईल, दिव्यांचे २,७०० तसेच राहतील. भोक पाडता येत नसेल तर दोन पाइपांचा पोर्टेबल बघा, तो बाहेरचीच हवा घेऊन बाहेर सोडतो. एका पाइपला माझा विरोध कायम आहे.