गणिताची पदवी आणि मधूनमधून पगारी नोकरी : तुमचे अनुभव लिहा

पुतणीला कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात गणिताला प्रवेश मिळालाय, को-ऑपसकट. चार महिने वर्ग, चार महिने पगारी काम, असं आलटून पालटून. पदवीला चारऐवजी जवळजवळ पाच वर्षं. आमचे आजोबा विचारतात, "पोरीला शिकायला पाठवताय की नोकरीला?" १९५७ साली हे विद्यापीठ सुरू झालं तेच इंजिनिअरिंगच्या अशा अभ्यासक्रमाने, हे मी त्यांना सांगितलं, पण त्यांचं समाधान झालं नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी मोकळेपणाने लिहा.

*

मी पुण्याहून तिथे अ‍ॅक्चुरिअल सायन्सला, म्हणजे विम्यातल्या जोखमीचं गणित शिकायला, गेले. पहिली वर्क टर्म, म्हणजे पगारी कामाचे चार महिने, टोरांटोत, विमा कंपनीत. पुढचे दावे देण्यासाठी कंपनी बाजूला ठेवते ती राखीव रक्कम दोन एक्सेल शीटमध्ये जुळत नव्हती. फरक अगदी थोडा, पण प्रत्येक पॉलिसीत. तीन दिवस मी सूत्रंच तपासत बसले. शेवटी सापडलं ते असं : एका शीटमध्ये वय मागच्या वाढदिवसाचं होतं, दुसरीत जवळच्या वाढदिवसाचं. वर्गात आपण वयासाठी एक्स लिहितो आणि पुढे जातो. तो एक्स म्हणजे नेमकं काय, हे मला त्या दिवशी कळलं. पुढच्या टर्मला जीवनसारण्या, म्हणजे कुठल्या वयाला किती जण जगतात त्याचे तक्ते, शिकताना मी सरांना पहिला प्रश्न हाच विचारला.

पैशाचं स्पष्ट सांगते. माझ्या पगारात भाडं, खाणं निघून थोडे उरायचे. परदेशी विद्यार्थ्याची फी त्यातून निघत नाही, त्या हिशोबावर कर्ज काढू नका. माझ्या वेळी स्टडी परमिट असूनही को-ऑपचं वर्क परमिट वेगळं लागायचं, तेही वेळेत बघा.

*

मला पहिल्या फेरीत एकही नोकरी मिळाली नाही. साठाच्या वर अर्ज, मुलाखती दोन, आणि त्यातली एक कॅल्क्युलसच्या मिडटर्मच्या दिवशी सकाळी. घरी फोनवर "चाललंय" एवढंच सांगायचो. मार्च संपता संपता एका छोट्या ऑफिसात डेटा साफ करायचं काम मिळालं. तुमच्या पुतणीला आत्ताच सांगून ठेवा की नोकरी शोधणं हा त्या टर्मचा आणखी एक विषयच असतो, तेवढे तास त्याला काढून ठेवायचे.

*

शुद्ध गणितवाल्यांची अडचण वेगळी. चार महिने कोड लिहून रिअल अ‍ॅनालिसिसच्या (कॅल्क्युलसमागच्या सिद्धतांच्या) वर्गात बसलो तेव्हा एप्सिलॉन-डेल्टाची, म्हणजे सीमेच्या व्याख्येवरची, साधी सिद्धताही अडली. सवय मोडली होती. नंतरच्या वर्क टर्ममध्ये दर रविवारी एक सिद्धता, पुस्तक मिटून, कागदावर. फार उपयोग झाला. शिवाय वरचे काही विषय ठरावीक टर्मलाच असतात. आपण नेमके तेव्हा नोकरीवर असलो की वर्षभर थांबा. पहिल्याच वर्षी सल्लागारांबरोबर बसून सगळ्या टर्म मांडून घ्या.

*

मी आई आहे, टोरांटोजवळ मिसिसागात राहते. लेकीने साडेचार वर्षांत सात खोल्या बदलल्या. चार महिन्यांचं सबलेट, म्हणजे दुसऱ्या भाडेकरूची खोली तेवढ्यापुरती घ्यायची, गाडी भरायची, पुन्हा उतरवायची. सामान दोन खोक्यांत मावेल एवढंच ठेवा. कुकर लहान घ्या, तीन लिटरचा, आणि त्याच्या रबर रिंगा घरूनच दोन जास्तीच्या द्या. तिकडे ऐनवेळी मिळत नाही.