ग्राहक म्हणतो 'कडक लागतं', म्हणून स्प्रिंग मऊ करायची का?

धागाकर्ता: कॉईलओव्हर किटबद्दल (उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग आणि डॅम्परचा, म्हणजे शॉक अॅब्सॉर्बरचा, जोड संच) हमखास येणारा अभिप्राय म्हणजे "फार कडक". त्यावर ८ किलो/मिमीची (१ मिमी दाबायला ८ किलो भार लागणारी) स्प्रिंग काढून ६ ची देणं हा उपाय नव्हे, असं माझं मत. स्प्रिंग सीट खाली घेऊन गाडी ३०-४० मिमी उतरवली की डॅम्परचा बम्प ट्रॅव्हलही (दबायला उरलेली जागा) साधारण तेवढाच घटतो. मग ग्राहकाला जाणवते ती स्प्रिंग नसतेच, बम्प स्टॉप (डॅम्पर पूर्ण दबू नये म्हणून लावलेला रबरी अडथळा) असतो. स्प्रिंग मऊ केली तर तो आणखी लवकर आदळेल. तक्रार आली की आधी डॅम्परच्या रॉडवर झिप टाय लावून डॅम्परच्या बॉडीला टेकवायला सांगा आणि गाडी फिरवून आणू द्या. टाय वर सरकून बम्प स्टॉपला भिडला असेल तर डॅम्परची बॉडी आखूड करा.

प्रतिसाद १: असहमत. टाय जेमतेम ५-१० मिमी सरकला आणि तरी रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर टोचतंय, तर काय कराल? तिथे दोष कॉम्प्रेशन व्हॉल्व्हिंगचा (डॅम्पर दबताना तेलाला होणाऱ्या अडथळ्याचा), शिम (व्हॉल्व्हवरच्या लवचिक चकत्या) पातळ करायला हवेत. एकच खड्डा नीट जातो, पण लागोपाठच्या खड्ड्यांत गाडी खाली खाली बसत जाते, असं असेल तर रिबाऊंड (डॅम्पर परत उलगडतानाचा विरोध) जास्त आहे. "कडक" एवढंच लिहून घेणारा अभिप्रायाचा फॉर्मच कुचकामी. डॅम्परच्या अॅडजस्टरचे क्लिक किती, टायरमध्ये हवा किती, चाकाच्या मध्यापासून फेंडरपर्यंत उंची किती, हे विचारा.

धागाकर्ता: फॉर्मचं मान्य. पण व्हॉल्व्हिंगला हात लावण्याआधी फिटिंग तपासा. चाकं लोंबकळत असतानाच कंट्रोल आर्मचे (चाक बॉडीला जोडणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश आवळले, तर गाडी खाली टेकल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं. ते कडकही लागतं आणि लवकर फाटतं.

प्रतिसाद २: म्हणजे चूक फिटरची आणि किट निर्दोष? वा! तीच चूक दहा गॅरेजांत होत असेल तर ती उत्पादनातली त्रुटी धरायची. खोक्यात टॉर्कचा तक्ता (कोणता बोल्ट किती आवळायचा) द्या, 'गाडी चाकांवर उभी करूनच आवळा' हे त्यावर ठळक छापा. खडखडीच्या तक्रारीचंही तेच. चाक पूर्ण लोंबकळल्यावर स्प्रिंग सीटवर सैल पडत असेल तर हेल्पर स्प्रिंग (मुख्य स्प्रिंग जागेवर धरून ठेवणारी छोटी मऊ स्प्रिंग) तुम्हीच द्यायला हवी.

प्रतिसाद १: आणि स्प्रिंग बदललीच तर डॅम्पिंगही बदला. स्प्रिंग २०% कडक केली तर तोच डॅम्पिंग रेशो (हेलकावे किती लवकर शमतात याचं माप) राखायला डॅम्पिंग साधारण १०% वाढवावं लागतं. नुसती स्प्रिंग बदलून 'सुधारित आवृत्ती' म्हणून विकलं, तर पुढचा अभिप्राय "डुलते" असा येईल.