बाबांना इंग्लंडमधले जुने दगड बघायचेत, रेडिंगहून कुठं न्यावं?

हिंदवाडीची लेक
नमस्कार मंडळी. मे महिन्यात आई-बाबांना घेऊन धाकट्या भावाकडं रेडिंगला चाललेय, तीन आठवडे. बाबा ७१ वर्षांचे, हायस्कूलात इतिहास शिकवायचे. सुट्टी मिळाली की पिशवीत भाकरी बांधून राजहंसगड, वल्लभगड, पारगड असं आयुष्यभर हिंडले, राजहंसगड तर अजून न थांबता चढतात. आईचे गुडघे मात्र दुखतात. चढ कसाबसा जमतो, उतार नाही.

भावानं लंडनमधल्या ठिकाणांची यादी पाठवली होती. बाबांनी ती वाचली, घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवली आणि म्हणाले, "शहर नको गं. त्यांचे जुने दगड दाखव, त्यांची शेतं दाखव." उभ्या दगडांचं रिंगण आहे ना, स्टोनहेंज, त्यापलीकडं मला नाव माहीत नाही. भावाला गाडी फक्त शनिवार-रविवारी काढता येते. तिकडं राहून आलेल्यांनी कृपया सांगा, वडिलांची एवढी एकच इच्छा आहे. आणि भाऊ कुंदा मागतोय, नेला तर चालेल का?

निपाणीकर
ताई, आधी कुंद्याचं. नेऊ नका. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिथं नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात.

आता स्टोनहेंज. लंडनहून एका दिवसात तीन गावं दाखवणारी बस असते, तसल्या सहलीनं जाऊ नका. आम्ही गेलो होतो. दगडांपाशी जेमतेम पाऊण तास मिळाला. त्यात तिकिटाच्या इमारतीपासून दगड दोन किलोमीटर लांब, तिथं पोचवायला वेगळी बस आणि तिला रांग. सासूबाई वाऱ्यानं इतक्या गारठल्या की दगडांकडं पाठ करून उभ्या राहिल्या. एवढे पैसे घालून त्यांना काय दाखवलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

खानापूरची सून
हिंदवाडी ताई, मी सहा वर्षं न्यूबरीत होते, रेडिंगच्या शेजारीच म्हणा. माझे सासरे दोनदा येऊन राहिले, तेही असेच गडवेडे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या आठवड्यात लांब जाऊच नका. रेडिंगपासून १५-१६ किलोमीटरवर सिल्चेस्टर आहे. रोमनांचं अख्खं शहर होतं ते, कॅलेव्हा नावाचं. शहर ओस पडलं आणि त्यावर पुन्हा कुणी गाव वसवलंच नाही. तिसऱ्या शतकातला दगडी तट मात्र चारी बाजूंनी अजून उभा आहे, गारगोट्यांचा, काही ठिकाणी दोन पुरुष उंच. आत काय, तर नुसतं गवत, चरणारी जनावरं आणि एका कोपऱ्यात जुनं चर्च. तिकीट नाही. तटाच्या कडेनं पूर्ण फेरी मारली तर अडीच किलोमीटरही होत नाही आणि वाट बरीचशी सपाट आहे, आईंना जमेल. सासरे तटाला हात लावून किती वेळ उभे होते. मग म्हणाले, "आपल्याकडं असता तर दगड घरांच्या पायात गेले असते." तिथल्या खोदकामात निघालेल्या वस्तू रेडिंगच्या म्युझियममध्ये ठेवल्यात. पाऊस लागला तर तो दिवस तिकडं काढा.

शनिवारी भावाला गाडी काढायला लावा आणि एव्हबरीला जा, तासाभराचा रस्ता आहे. स्टोनहेंजला दोरीबाहेरून बघावं लागतं. इथं दगडांचं रिंगण एवढं मोठं की त्याच्या पोटातच अर्धं गाव वसलंय. मेंढरं दगडाला अंग घासत असतात, आपणही टेकून डबा खायचा. बरेच दगड मधल्या काळात लोकांनी पुरले होते, काही फोडले. १९३० च्या दशकात अलेक्झांडर कायलर नावाच्या माणसानं, घरचा मार्मालेडचा धंदा होता त्यांचा, पुरलेले दगड उकरून पुन्हा उभे केले. एका दगडाखाली माणसाचा सांगाडा निघाला, सोबत कात्री आणि चौदाव्या शतकातली नाणी. न्हावी असावा म्हणतात, त्या काळी न्हावीच वैद्यकी करायचे. बाबांना हे तिथं उभं राहून सांगा.

स्टोनहेंज टाळू नका, पण सॉल्झबरीहून करा, आणि आठवड्यातल्या मधल्या वारी. रेडिंगहून रेल्वेनं निघून बेसिंगस्टोकला गाडी बदलली की सॉल्झबरी. स्टेशनाबाहेरून स्टोनहेंजची बस सुटते, ती ओल्ड सेरमलाही थांबते. तुमच्या बाबांसाठी खरी जागा ती. मातीचे प्रचंड तट आणि खंदक, रोमनांच्याही आधीचे. मधोमध नॉर्मन राजांचा बालेकिल्ला, आणि खालच्या अंगाला पहिल्या कॅथीड्रलचा, म्हणजे बिशपच्या मोठ्या चर्चचा, नुसता पाया गवतात आखलेला. वर पाण्याची टंचाई, त्यात किल्ल्यातले शिपाई आणि पाद्री यांची रोजची भांडणं. शेवटी पाद्र्यांनी १२२० मध्ये खाली नदीकाठी नवं कॅथीड्रल बांधायला घेतलं आणि गाव त्यांच्यामागं उतरलं. तेच आजचं सॉल्झबरी. गडावर पाणी नसलं की काय होतं हे बाबांना सांगायला नको. गाव ओस पडलं तरी १८३२ पर्यंत त्या रिकाम्या टेकडीच्या नावानं पार्लमेंटात दोन खासदार जात होते!

त्या दिवशी आईंना वर चढवू नका. खाली कॅथीड्रलमध्ये गार सावलीत बसू दे, राजाच्या सत्तेला लगाम घालणारी १२१५ ची सनद, मॅग्ना कार्टा, तिच्या उरलेल्या चार प्रतींपैकी एक तिथंच आहे.

शेतांचं म्हणाल तर तिथं शेतातून जाणाऱ्या पायवाटांवर कायद्यानं लोकांचा हक्क आहे. खांबावर पिवळा बाण दिसला की बिनधास्त आत शिरायचं, मालक अडवत नाही. बंद असलेलं फाटक मात्र आपल्यामागं लावायचंच, नाहीतर मेंढरं बाहेर. काही ठिकाणी फाटक नसतं, कुंपण ओलांडायला नुसत्या लाकडी पायऱ्या असतात. गुडघेदुखीच्या माणसाला त्या नको वाटतात. निघण्याआधी ऑर्डनन्स सर्व्हेचा नारिंगी नकाशा घ्या, त्यात एकेक कुंपणसुद्धा काढलेलं असतं.

अनगोळचे मास्तर
खानापूरच्या सूनबाईंनी सगळं छान सांगितलंय. मी एकच जागा सुचवतो, लांब आहे, पण इतिहासाच्या शिक्षकाला चुकवू नये अशी. ससेक्समधला बोडियम किल्ला. १३८५ चा, चारी कोपऱ्यांना गोल बुरूज आणि भोवती पाण्यानं काठोकाठ भरलेला खंदक. आपल्या बेळगावच्या किल्ल्याचा खंदक बघून वाढलेल्या माणसाला ते पाणी बघताना भरून येतं.

हा किल्ला १९१७ मध्ये विकत घेतला लॉर्ड कर्झननं. आपल्याकडं तो व्हाइसरॉय असताना १९०४ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा कायदा झाला, तोच कर्झन. फाळणीसाठी बंगालनं त्याला माफ केलं नाही आणि करूही नये. पण पडक्या दगडांविषयी त्याला खरी कळकळ होती. बोडियमचा खंदक त्यानं उपसून साफ केला, डागडुजी केली. १९२५ मध्ये तो वारला, तेव्हा मृत्युपत्रानं किल्ला नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडं गेला. तुमच्या वडिलांशी यावर बोलायला मला फार आवडेल.

हिंदवाडीची लेक
मास्तर, तुमचा निरोप बाबांना मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांनी लगेच वहीत "कर्झन, खंदक" असं लिहून ठेवलं. परत आलो की अनगोळला येतोच आम्ही. वहिनी, एक विचारू? आई नऊवारी नाही, पण साडीच नेसते. शेतातनं चालताना अडचण होईल का? आणि तिचं खाणं, ती अंडंही खात नाही.

खानापूरची सून
साडी चालेल, पायात मोजे आणि बूट मात्र हवेत. गवत दुपारपर्यंत ओलं असतं आणि मे महिना असला तरी वारा आपल्या डिसेंबरातल्या पहाटेसारखा लागतो, स्वेटर हाताशी ठेवा. वाटेच्या कडेला नेटल नावाची झाडं असतात, पानाला करवतीसारखे दाते. सासूबाईंनी पुदिना समजून हात लावला आणि कोपरापर्यंत आग आग झाली. मागून येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी शेजारचंच रुंद पान तोडलं, चुरगाळून हातावर चोळलं. डॉक म्हणतात त्याला. भाषा एकीला दुसरीची कळत नव्हती, तरी दोघी दहा मिनिटं हात धरून उभ्या होत्या.

खाण्याला चपाती आणि बटाट्याची कोरडी भाजी डब्यात न्या, कुठल्याही शेताच्या कडेला बसून खाता येतं. हॉटेलात जॅकेट पोटॅटो मागा, अख्खा भाजलेला बटाटा, वर चीज.

आणि एका संध्याकाळी भावाला स्टोक रो नावाच्या गावी न्यायला सांगा, रेडिंगजवळच आहे. काशीच्या महाराजांनी १८६४ मध्ये त्या गावाला विहीर बांधून दिली. ३६८ फूट खोल, हातानं खणलेली, वर घुमट आणि आत सोनेरी हत्ती. गावात पाण्याचे इतके हाल की घरातलं उरलेलं पाणी प्यायला म्हणून एका पोराला मार बसला होता, ती गोष्ट एका गोऱ्या अधिकाऱ्यानं महाराजांना सांगितली होती. मे अखेरीस नऊपर्यंत उजेड असतो, जेवून निघालात तरी दिसेल.