कोणत्या दिवसाच्या वाचनाने तुम्हाला माघारी वळवले?

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीचा प्रायश्चित्तकाळ सुरू होतो त्या दिवशी, मिस्सेत (चर्चमधील उपासनेत) बायबलमधील योएल संदेष्ट्याचे वाचन असते: कपडे फाडू नका, अंतःकरणे फाडा आणि परमेश्वराकडे परत या. मूळ हिब्रूतील ‘शूव’ या क्रियापदाचा अर्थ अगदी साधा आहे, वळणे किंवा माघारी येणे. आपल्या ‘पश्चात्ताप’ या शब्दात मागाहून होणारी जळजळ आहे, मात्र त्या जळजळीनंतर पाऊल कुठे टाकायचे, हे तो शब्द सांगत नाही. या धाग्यात मला त्या पावलाबद्दल वाचायचे आहे.

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ च्या आगमनकाळापासून (नाताळपूर्वीच्या काळापासून) नवी वाचनमाला, म्हणजे कोणत्या दिवशी कोणते उतारे वाचायचे याचा क्रम, वापरात आली. रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्राने फिरतात, पण प्रायश्चित्तकाळातील इतर दिवसांची वाचने बहुतेक दरवर्षी तीच असतात. म्हणजे ज्या उताऱ्याने एखाद्या वर्षी आपल्याला काहीच सांगितले नाही, तोच उतारा पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात पुन्हा आपल्यासमोर उभा राहतो. कोणत्या वाचनाने तुम्हाला अडवले आणि त्यानंतर तुम्ही प्रत्यक्ष काय केले, ते कृपया लिहावे. इतरांची नावे लिहू नयेत. सुरुवात मी करतो.

आमची वाडी वसईच्या पश्चिम पट्ट्यात आहे. वडिलांच्या पश्चात वाटणी झाली, तेव्हा बावखळ, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारे तळे, दादाच्या वाट्याला आले आणि बावखळाकडे जाणारी पायवाट माझ्या. एका किरकोळ वादानंतर मी त्या वाटेवर तारेचे कुंपण घातले. दादाला शिंपणासाठी बोअरिंग मारावे लागले. त्यानंतर नऊ वर्षे आम्ही बोललो नाही. दोन्ही घरांत चाळीस पावलांचे अंतर. तो रविवारी सात वाजताच्या मिस्सेला जाई आणि मी नऊ वाजताच्या. वकिलाने सांगितल्यामुळे मी एक डायरी ठेवली होती आणि दादा काय बोलला, त्याच्या गड्याने माझ्या हद्दीत कधी पाय टाकला, हे सारे तारखांसह तिच्यात लिहीत होतो.

प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या आठवड्यातील शुक्रवारी वाचक म्हणून माझी पाळी होती. प्रथम यहेज्केलच्या अठराव्या अध्यायातील वाचन आणि मग स्तोत्र १३०. “प्रभो, तू अपराध मोजू लागलास तर तुझ्यासमोर कोण उभा राहील?” हे मी ध्वनिक्षेपकासमोर स्पष्ट उच्चारांत वाचले आणि वाचता वाचताच घरातील कपाटात ठेवलेली ती डायरी माझ्या डोळ्यांसमोर आली. जागेवर येऊन बसलो. फादरांनी मत्तयच्या पाचव्या अध्यायातील शुभवर्तमान वाचले: वेदीपाशी अर्पण आणले असता तुला आठवले की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. हा उतारा मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि दरवेळी त्याचा अर्थ ‘दादाला क्षमा करायला हवी’ असाच घेत आलो होतो. त्या दिवशी प्रथमच लक्षात आले की प्रभू येशू माझ्या मनातील तक्रारीबद्दल बोलतच नाही. तो दादाच्या मनातील तक्रारीबद्दल बोलतो, आणि ती तक्रार खरी होती.

त्या दिवशी मी ख्रिस्तप्रसाद घेतला नाही. घरी येऊन पक्कड घेतली आणि दोन खांबांमधील तार तोडली. दादाकडे जाण्याचे धैर्य यायला मात्र आणखी दोन दिवस लागले. रविवारी दुपारी गेलो, तेव्हा वहिनी अंगणात सुकेळ्यांसाठी (सुकवलेल्या केळ्यांसाठी) घातलेली राजेळी केळी उलटत होत्या. त्यांनी मान वर केली, काही बोलल्या नाहीत, पण खुर्ची पुढे सरकवली. मी म्हणालो, “दादा, माझे चुकले.” तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, “तारेचे काय केलेस?” मी सांगितले, तोडली. “खांबही काढ. पावसात गवत वाढले की दिसत नाहीत, पाय अडकतो.”

प्रायश्चित्त संस्कारासाठी, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली द्यायला (कन्फेशनला), गेलो, तेव्हा फादरांनी परतफेडीबद्दल विचारले. बोअरिंगचा निम्मा खर्च मी तीन हप्त्यांत दादाला दिला. दोन्ही घरांतील मुले अजून मोकळेपणाने बोलत नाहीत. ते नुकसान कसे भरून द्यायचे, हे मला कळलेले नाही, आणि रोज सकाळच्या प्रार्थनेत मी तेच मागतो.

दुबईहून, एक परिचारिका:

इकडे पूर्वी साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असल्यामुळे आम्ही रविवारची उपासना शुक्रवारीच करीत होतो. २०२२ पासून सुट्टी बदलली आणि रविवार पुन्हा रविवारी आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लूकच्या सोळाव्या अध्यायातील अन्यायी कारभाऱ्याचा दाखला ऐकला. जो अगदी थोड्या बाबतीत विश्वासू, तो पुष्कळ बाबतीतही विश्वासू. त्या आठवड्यात रात्रपाळीत एका झोपलेल्या रुग्णाचा रक्तदाब न मोजताच मी आधीच्या आकड्याच्या जवळचा आकडा तक्त्यात लिहिला होता. रुग्णाला काही झाले नाही आणि कोणाच्या लक्षातही आले नाही. पण एका आकड्याइतके हे ‘थोडे’ माझ्यावर सोपवलेले होते आणि त्याच्या भरवशावर डॉक्टर औषधाची मात्रा ठरवतात. कन्फेशननंतर मी स्वतःहून वॉर्डच्या प्रमुखांना सांगितले आणि मला लेखी ताकीद मिळाली. ते पत्र मी जपून ठेवले आहे. आता मोजमाप राहून गेले तर त्या रकान्यात ‘घेतले नाही’ असे लिहून मी पुढे कारण लिहिते.

पुण्याहून, एक विद्यार्थिनी:

धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाशी माझा अनुभव थोडा उलट बाजूने जोडलेला आहे, कारण माझ्याकडे जळजळच फार होती. रोज पहाटे वाचने आणि चिंतन वाचायचे, त्यात स्वतःचा एखादा नवा दोष शोधायचा आणि शनिवारी पापनिवेदनाला जायचे, असा माझा क्रम होता. पुढे आठवड्यातून दोनदा जाऊ लागले. सोळाव्या वर्षी केलेले एकच पाप मी किती वेळा सांगितले असेल, याची गणती नाही. मागच्या वेळी नीट सांगितले नसेल, पुरेसे दुःख झाले नसेल, अशी शंका प्रत्येक वेळी राहायची.

शेवटी एका फादरांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे, यापुढे एकाच धर्मगुरूंकडे जायचे आणि ते जुने पाप पुन्हा उच्चारायचे नाही. दुसरी म्हणजे, संत इग्नेशियस लोयोला यांनी मान्रेसा येथे १५२२-२३ मध्ये हाच छळ सोसला होता. त्यांनी आपली पापे लिहून काढून सांगितली, तरी शंका सुटेनात. जुनी पापे पुन्हा सांगायची नाहीत असा त्यांनी निश्चय केला, तेव्हा ते मोकळे झाले. फादरांच्याच सांगण्यावरून मी एका समुपदेशकाचीही मदत घेतली, हे मुद्दाम नमूद करते, कारण असा त्रास असलेल्यांना केवळ ‘अधिक प्रार्थना करा’ असे सांगितले जाते.

माझे वाचन पवित्र आठवड्यातील, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातील, मंगळवारचे आहे. त्यात येशूला पैशांसाठी धरून देणारा शिष्य यहूदा रात्रीच्या अंधारात बाहेर पडतो आणि दुसरा शिष्य पेत्र येशूची ओळख नाकारील, हे त्याला आधीच सांगितले जाते. ते वाचल्यावर मी मत्तयचा सत्ताविसावा अध्याय काढला. यहूदाला पस्तावा झाला, त्याने तीस रुपये परत केले, ‘मी पाप केले’ असे तो स्वतःच्या तोंडाने बोलला. दुःख, कबुली, परतफेड, सारे होते. पण हे सारे घेऊन तो मुख्य याजकांकडे गेला आणि ते म्हणाले, त्याचे आम्हाला काय? पेत्राने एक नाणेही परत केले नव्हते. त्याने कोळशाच्या शेकोटीपाशी तीन वेळा नाकारले होते, आणि योहानच्या शेवटच्या अध्यायात तिबेरियाच्या काठी तशाच कोळशाच्या विस्तवापाशी प्रभूने त्याला तीन वेळा विचारले, तू माझ्यावर प्रीती करतोस काय? पेत्राला नाकारल्याचा हिशेब विचारलाच नाही. मी अनेक वर्षे पापनिवेदनाच्या जाळीसमोर बसून मुख्य याजकांशीच बोलत होते, असे मला त्या दिवशी वाटले.

श्रीरामपूर तालुक्यातून, मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेणारा एक सेवक:

मत्तय अठरा: तुम्ही वळून बालकांसारखे झाल्याशिवाय स्वर्गाच्या राज्यात प्रवेश करणार नाही. हरेगावच्या मतमाउलीच्या (मरियामातेच्या) यात्रेच्या आधी वर्गात मुलांची तयारी चालली होती. एका मुलाला ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ पूर्ण म्हणता येईना, म्हणून मी त्याला सर्वांसमोर उभे करून बोललो. तो पुढे वर्गाला येईनासा झाला. मग एका रविवारी वर्ग भरण्याआधी मी त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईसमोर त्याची क्षमा मागितली. आता तो येतो. प्रार्थना आम्ही दोघे मिळून म्हणतो.

वसईजवळच्या निर्मळ परिसरातून, फुलांची वाडी असलेली एक गृहिणी:

प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या आठवड्यातील सोमवारी लेवीय या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय वाचतात. फोनवर वाचन ऐकत मी स्वयंपाक करीत होते: मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको. आमच्याकडे मोगऱ्याच्या कळ्या तोडायला पहाटे आदिवासी बायका येतात, कारण फुले दादरला वेळेत पोहोचवावी लागतात. मजुरी शनिवारी द्यायची आणि त्यातील थोडी मागे ठेवायची, म्हणजे त्या सोमवारी नक्की येतात, अशी रीत सासूबाईंच्या काळापासून चालत आली आहे. मी तिला कधी पाप म्हटले नव्हते. व्यवहार म्हणत होते. त्याच दिवशीच्या शुभवर्तमानात, भुकेल्याला जे दिले नाही ते मला दिले नाही, असे प्रभू म्हणतो, आणि भाजी ढवळता ढवळता माझा हात थांबला.

त्या संध्याकाळी मी सर्वांची राहिलेली मजुरी काढली. सुटे पैसे पुरले नाहीत, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून आणले. एकेकीला बोलावून तिच्या हातात मोजून दिले. त्यांच्यातील सर्वांत वयस्कर बाईने नोटा दोनदा मोजल्या, पदराच्या टोकाला गाठ मारली आणि घाबरून विचारले, “बाय, उद्यापासून काम नाय का?”