ब्राउझरमधल्या ब्राउझरमध्ये चित्रांवर केलेले उद्योग: तुमचे अनुभव लिहा

ऑफिसच्या लॅपटॉपवर काही इन्स्टॉल करू देत नाहीत, आणि घरचं जुनं मशीन फोटोशॉप सोडा, गिम्प उघडतानाही धापा टाकतं. अशा वेळी नेटवरचं एखादं चित्र जरा उजळायचं, उलटवायचं, तुकडा कापायचा असेल तर काय करता? माझं निम्मं काम ब्राउझरमध्येच उरकतं. एक्स्टेन्शन नको, की कुठल्या अनोळखी साइटवर फोटो चढवायला नको.

पद्धत साधी आहे. चित्रावर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट'. बाजूला कोड उघडतो, चित्राचा टॅग (कोडमधली त्या चित्राची ओळ) निवडलेला असतो. स्टाइल्सच्या यादीत सगळ्यात वरच्या रिकाम्या कंसात 'फिल्टर' आणि त्यापुढे ग्रेस्केल (करडं), कॉन्ट्रास्ट, इन्व्हर्ट (उलटे रंग), जे हवं ते (टाइप अर्थातच रोमनमध्ये करायचं). चित्र तिथल्या तिथे बदलतं. मग त्याच टॅगवर राइट क्लिक करून 'कॅप्चर नोड स्क्रीनशॉट' म्हटलं की तेवढंच चित्र डाउनलोडमध्ये येतं. फायरफॉक्समध्ये हेच 'स्क्रीनशॉट नोड' नावाने आहे. सर्व्हरवरच्या मूळ चित्राला धक्का लागत नाही, आणि पान रिफ्रेश केलं की आपली कारागिरी साफ.

तुम्ही यातून काय काय काढलंत ते सांगा. टूलची जाहिरात नको, केलेलं काम लिहा.

खिळेजुळणी

मी मराठी विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या भावंडातल्या मुक्त ग्रंथालयावर, जुन्या पुस्तकांची पानं तपासतो. एका बाजूला स्कॅन, दुसऱ्या बाजूला टंकलेला मजकूर. कागद पिवळा पडलेला, मागच्या पानाची शाई पुढे झिरपलेली. यात सगळ्यात छळतो तो अनुस्वार. १९६२ च्या नियमांआधीची पुस्तकं म्हणजे 'नाहीं', 'घरांत', 'केलें'. आजच्या सवयीने अंदाज बांधता येत नाही. डोक्यावर दिसतंय ते टिंब आहे की कागदावरचा डाग, हे डोळ्यांनीच ठरवावं लागतं.

तिथे मी फिल्टरमध्ये ग्रेस्केल १, ब्राइटनेस १.२, कॉन्ट्रास्ट १.८ असं ओळीने लिहितो. क्रम महत्त्वाचा. आधी ब्राइटनेस दिला की झिरपलेली फिकट अक्षरं पांढऱ्याकडे सरकतात आणि कॉन्ट्रास्ट त्यांना पुसूनच टाकतो. उलट क्रमाने केलं तर मागचं पान भुतासारखं थोडं राहतंच. छपाईचं टिंब काळं आणि गोल उरतं, डाग बहुतेकदा विरघळतो. बहुतेकदा म्हणतोय, कारण काही डाग फार इमानी असतात.

संपादन करताना तिथे साधा इमेज टॅग सापडत नाही, स्कॅन कॅनव्हासवर (पानातल्या चित्र रंगवायच्या चौकटीवर) रंगवलेलं असतं. घाबरू नका, फिल्टर कॅनव्हासलाही लागतो.

चहाटळ

विवाल्डी ब्राउझर वापरून बघा. खालच्या पट्टीत 'पेज अॅक्शन्स' आहेत. करडं करा, उलटे रंग करा, सेपिया करा, इन्स्पेक्टच्या वाटेलाही जावं लागत नाही. मात्र अख्खं पान बदलतं, एकटं चित्र नाही.

फळा_खडू

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. फुलाच्या भागांची उत्तम आकृती विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या चित्रांच्या कोठारात) आहे, पण नावं इंग्रजीत. पूर्वी प्रिंट काढून त्यावर चिठ्ठ्या चिकटवायचे.

अशा आकृत्या पुष्कळदा एसव्हीजी असतात. एसव्हीजी म्हणजे आतून निव्वळ मजकूर: ही रेघ इथून तिथे, हा रंग, हा शब्द या जागी. म्हणून वर धागाकर्त्याने सांगितलं त्याच्या एक पाऊल पुढे जाता येतं, खुद्द चित्रच बदलता येतं. विकिपीडियाच्या लेखात दिसतं ते पीएनजी, म्हणजे नुसत्या ठिपक्यांचं चित्र असतं, त्याचा उपयोग नाही. फाइलच्या पानावर जाऊन 'मूळ फाइल' वेगळ्या टॅबमध्ये उघडायची. मग इंग्रजी नावावर इन्स्पेक्ट, शब्दावर डबल क्लिक, आणि तिथे निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग. आकृतीवर लगेच मराठी उमटतं! 'निदलपुंज' रेघेवर चढला तर एक्सचा (आडव्या जागेचा) आकडा कमी करून डावीकडे सरकवायचा. पाकळ्यांचा 'फिल' (आतला रंग) बदलला की गुलाबी फूल जास्वंदीसारखं लाल. पोरांना हे प्रोजेक्टरवर करून दाखवलं तर तास तिथेच संपतो.

शेवटी सगळ्यात वरच्या एसव्हीजी टॅगवर 'कॉपी आउटर एचटीएमएल', नोटपॅडमध्ये पेस्ट, यूटीएफ-८ मध्ये डॉट एसव्हीजी नावाने सेव्ह. कितीही मोठी छापली तरी फाटत नाही. फाइलच्या पानावरचा परवाना मात्र वाचा. बऱ्याच आकृत्यांना मूळ चित्रकाराचं नाव देणं आणि आपली बदललेली प्रत त्याच परवान्याखाली देणं बंधनकारक असतं.

धागाकर्ता

खिळेजुळणी, फळा_खडू, असंच हवं होतं. कोणी परीक्षेच्या फॉर्मसाठी फोटो-सही या मार्गाने केली आहे का?

परगावकर

केली. फाइल टॅबमध्ये ओढून टाकली, रुंदी २०० पिक्सेल दिली, नोड स्क्रीनशॉट घेतला. विंडोजचं स्केलिंग १२५ टक्के असेल तर हाती २५० चं चित्र येतं. डिव्हाइस टूलबारमध्ये पिक्सेल रेशो १ केला की आकडा जुळतो. पण स्क्रीनशॉट पीएनजी येतो आणि फॉर्म मागतो जेपीजी. कन्सोलमध्ये (इन्स्पेक्टमधल्या कोड चालवायच्या जागेत) कॅनव्हास वापरून जेपीजी करावं म्हटलं, तर क्रोम डिस्कवरची फाइल परकी समजतो आणि 'टेन्टेड कॅनव्हास' म्हणून हात झटकतो. या कामाला आपला पेंटच बरा.

रंगीबेरंगी_नाही

मी माहितीचित्रं करते. नवऱ्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, त्यामुळे घरातच परीक्षक आहे. तो नसेल तेव्हा क्रोम. डेव्हलपर टूल्स उघडून कंट्रोल-शिफ्ट-पी, 'रेंडरिंग' शोधा, खाली दृष्टिदोषांची यादी मिळेल. ड्यूटेरॅनोपिया (हिरवा न कळणं) निवडला की लाल 'धोका' आणि हिरवा 'सुरक्षित' दोन्ही सारखेच मातकट. तेव्हापासून मी निळा-नारिंगी वापरते.

सोसायटीचा_खजिनदार

पानावरचा आकडाही याच इन्स्पेक्टने बदलतो, हे ध्यानात असू द्या. मेंटेनन्स भरल्याचा स्क्रीनशॉट कोणी पाठवला तर मी नम्रपणे यूटीआर नंबर (बँकेचा त्या व्यवहाराचा क्रमांक) मागतो आणि बँकेच्या स्टेटमेंटशी ताडतो.

काळी_पट्टी

आधार क्रमांक झाकताना ब्लर नको, ठोस काळी पट्टी द्या. आणि फायरफॉक्सच्या पीडीएफ एडिटरमध्ये पेनाने काळं केलेलं खरं झाकलं जात नाही: खालचा मजकूर तसाच असतो, सिलेक्ट करून कॉपीही होतो. पट्टी मारल्यावर स्क्रीनशॉट घ्यायचा आणि पाठवायचा तो स्क्रीनशॉट.

परगावकर

मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये राइट क्लिकवर 'एडिट इमेज' होतं, कापणं, उजेड, फिल्टर सगळं. ते आता काढून टाकलंय. कंट्रोल-शिफ्ट-एस चा स्क्रीनशॉट आहे, त्यावर पेनाने रेघोट्या मारता येतात.

चहाटळ

फळा_खडू, तुमचं वाचून हृदयाची आकृती उघडली. नावांवर डबल क्लिक केलं तर शब्द नाहीच, नुसते आकडे.

फळा_खडू

काढणाऱ्याने अक्षरांचे पाथ करून टाकलेत, म्हणजे ती अक्षरं नाहीत, अक्षरांच्या आकाराच्या रेघा आहेत. तो पाथ निवडून डिलीट करा. मग बाहेरच्या ग्रुपवर 'एडिट अॅज एचटीएमएल' घेऊन स्वतःचा टेक्स्ट टॅग टाका, एक्स-वाय अंदाजाने द्या, नंतर सरकवा. पण आधी त्याच पानावर इतर भाषांतल्या आवृत्त्यांची यादी बघा. कोणीतरी हिंदीत आधीच करून ठेवली असेल तर तिच्यात देवनागरी अक्षरं जिवंत मिळण्याची शक्यता जास्त.