उत्तर: रिझोल्युशनपेक्षा मापं तपासा
व्हीआर हेडसेटचं (डोळ्यांवर लावून आभासी जगात खेळायचं यंत्र) रिझोल्युशन, म्हणजे चित्राचा बारकावा, वाढलं की आपोआप गेमच्या आत असल्यासारखं वाटतं, हा चर्चेत आलेला मुद्दा अर्धाच पटला. चित्र जरा धूसर असलं तरी डोळे सरावतात. मान वळवल्यावर दृश्य मागून फरफटत आलं तर मात्र मळमळायला लागतं. ९० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ९० चित्रं (फ्रेम) दाखवताना, एका फ्रेमला जेमतेम ११ मिलिसेकंद मिळतात, तेव्हा गेममधल्या सावल्या खुशाल कमी करा, पण फ्रेम गळू देऊ नका.

मापांचा विषय मात्र इथे कुणीच काढला नाही. गेम प्रत्येक डोळ्यासाठी एक असे दोन आभासी कॅमेरे वापरतो; त्यांच्यामधलं अंतर तुमच्या बुबुळांमधल्या अंतरापेक्षा जास्त झालं की सगळं जग खेळण्यातलं वाटतं. प्रौढांमध्ये बुबुळांमधलं अंतर सरासरी ६३ मिमीच्या आसपास असतं, पण माणसागणिक बदलतं, मोजून घ्या. दुसरी गोष्ट जमिनीची पातळी. हातातला कंट्रोलर फरशीवर ठेवा नि हेडसेटमधून बघा. तरंगताना दिसला तर आभासी जमीन खाली गेलीय, बुडालेला दिसला तर वर आलीय. खाली गेली असेल तर पडलेली वस्तू उचलताना, ती हाती लागण्याआधीच कंट्रोलर खऱ्या फरशीवर आपटतो. जमिनीची पातळी (फ्लोअर) पुन्हा सेट करायला मिनिटभरही लागत नाही.